बंद खिडकीची नीती

संस्कृतात खिडकीला ‘वातायन’ असा एक शब्द आहे. वात म्हणजे वारा आणि अयन म्हणजे वाट. खिडकी ही प्रथम वाऱ्याची वाट. प्रकाश आणि दृष्टी या गोष्टी नंतरच्या. इंग्रजीतील ‘विंडो’ या शब्दाचे मूळही जुन्या नॉर्स भाषेतील ‘वाऱ्याचा डोळा’ अशा अर्थाच्या सामासिक शब्दात सापडते. एकमेकींपासून हजारो कोस दूर वाढलेल्या दोन भाषांनी भिंतीतील भोकाची ओळख वाऱ्यावरून पटवावी, यात एक विश्वास गृहीत धरलेला आहे. बाहेरची हवा ही आत घेण्याजोगी असते, हा तो विश्वास होय. मराठवाड्यातील धाब्याच्या घराचे सवणे, पुण्याच्या वाड्याचा चौक, मुंबईच्या चाळीची गॅलरी, या साऱ्या रचना त्याच विश्वासावर उभ्या राहिल्या. आत चूल, आजारपण आणि माणसांची दाटी; बाहेर ‘मोकळी हवा’. हा विश्वास जेथे मोडतो तेथे केवळ वास्तुशास्त्राचा प्रश्न उरत नाही. आपली खिडकी लावून घेणारा माणूस शेजाऱ्याचे काय देणे लागतो, असा नीतिशास्त्राचा प्रश्न उभा राहतो. प्रस्तुत निबंधाचा विषय तोच आहे.

या प्रश्नाचा विचार करण्यास दिल्लीच्या पूर्व सीमेला लागून असलेल्या गाझियाबादइतके योग्य स्थळ क्वचितच सापडेल. हिंडन नदीकाठचे हे शहर १७४० साली वसले. ‘गाझीउद्दीननगर’ हे त्याचे मूळ नाव. रेल्वे आल्यावर ते आखूड झाले असे सांगतात. स्वातंत्र्योत्तर काळात साहिबाबादच्या औद्योगिक क्षेत्रामुळे ते कारखान्यांचे शहर झाले आणि पुढे इंदिरापुरम, वैशाली, वसुंधरा, कौशांबी अशा वसाहतींच्या रूपाने दिल्लीत नोकरी करणाऱ्यांचे निवासस्थान बनले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील औद्योगिक क्षेत्रांचा प्रदूषण निर्देशांक प्रसिद्ध केला, तेव्हा अंकलेश्वर आणि वापी यांच्यापाठोपाठ गाझियाबादचा तिसरा क्रमांक होता. त्याचे गुण होते ८७.३७. मराठी वाचकाने येथे आणखी एक ओळ खाली पाहावी. चौथ्या क्रमांकावर ८३.८८ गुणांसह चंद्रपूर होते. गाझियाबाद हे कोणा दूरदेशीचे दुर्दैव आहे, असे समजण्याची सोय ती ओळ काढून घेते.

दहा वर्षांनंतर, २०१९ या वर्षाच्या मोजमापांवर आधारलेल्या एका स्विस कंपनीच्या जागतिक अहवालात गाझियाबाद सर्वाधिक प्रदूषित शहर ठरले. तेथील अतिसूक्ष्म कणांचे, म्हणजे ‘पीएम २.५’चे, वार्षिक सरासरी प्रमाण घनमीटरला ११०.२ मायक्रोग्रॅम होते. भारताचे स्वतःचे वार्षिक मानक ४० आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा तेव्हा १० होती आणि २०२१ मध्ये ती ५ वर आणण्यात आली. हे कण अडीच मायक्रॉनपेक्षा लहान असतात. माणसाच्या केसाची जाडी त्यांच्या कितीतरी पट. नाकातील केस आणि घशातील ओलावा यांना चकवून ते फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतात. हिवाळ्यात थंड हवेचा थर जमिनीलगत अडकून पडतो, वरची उबदार हवा झाकणासारखी बसते, आणि वाहनांचा, वीटभट्ट्यांचा, कारखान्यांचा, शेतातील पराटीचा व उघड्यावर जाळलेल्या कचऱ्याचा धूर त्या झाकणाखाली साचतो. अशा दिवसांत वातायन उघडणे म्हणजे काय करणे?

आरोग्यशास्त्राच्या परंपरेकडे या प्रश्नाचे तयार उत्तर नाही, कारण त्या परंपरेने प्रश्नच उलट मांडला होता. म्युनिकच्या माक्स फॉन पेटनकोफर यांनी १८५८ साली खोलीतील हवेची शुद्धता मोजण्यासाठी कर्बवायूचे, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचे, प्रमाण हा निकष सुचविला. दहा लाखांत एक हजार भागांहून तो अधिक झाला, की माणसांच्या उच्छ्वासाने खोली दूषित झाली असे समजावे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी त्याच सुमारास शुश्रूषेचा पहिला नियम सांगितला तो असा, की रोग्याला गारठू न देता आतली हवा बाहेरच्या हवेइतकी शुद्ध राखावी. दोघांच्याही विचारात दोष आत आहे आणि उपाय बाहेर. गाझियाबादच्या नोव्हेंबरात हे समीकरण दुभंगते. खिडकी उघडावी तर कण आत येतात. बंद ठेवावी तर उच्छ्वासाचा वायू साचतो, फोडणीचा धूर आणि उदबत्तीची काजळी कोंडते, आणि घरात कोणी क्षयरोगी असेल तर त्याच्या श्वासातून निघालेले जंतू इतरांच्या वाट्याला अधिक येतात. बाल्टिमोर येथील माजी सैनिकांच्या रुग्णालयात १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात विल्यम वेल्स आणि रिचर्ड रायली यांनी क्षयरोग्यांच्या कक्षातील हवा नळीवाटे वरच्या मजल्यावरील गिनीपिगांकडे नेऊन, रोग केवळ हवेतून जातो हे सिद्ध केले होते. तरीही २०२० मधील महासाथीच्या आरंभी जागतिक आरोग्य संघटनेने तो विषाणू हवेतून पसरत नाही असे ठामपणे सांगितले. लिडिया मोरावस्का आणि डोनाल्ड मिल्टन यांच्यासह २३९ शास्त्रज्ञांना त्याच वर्षीच्या जुलैत जाहीर पत्राने त्या ठामपणाला हरकत घ्यावी लागली. हवा दिसत नाही, म्हणून तिच्याविषयीचे ज्ञानही वारंवार विसरले जाते.

तथापि पूर्वीची घरातली हवा निर्मळ होती आणि आधुनिकतेने ती नासवली, अशी कल्पना करणे हे स्मरणरंजन ठरेल. अमेरिकन संशोधक कर्क स्मिथ यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी गुजरातमधील खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या श्वासाजवळील धूर मोजला, तेव्हा तो कारखानदारी शहरांना लाजवील इतका निघाला. चुलीपुढे फुंकणी घेऊन बसलेल्या स्त्रीचे पाणावलेले डोळे आपल्या साहित्याने अनेकदा पाहिले. तिच्या फुप्फुसांची नोंद मात्र घेतली नाही. स्मिथ यांनी एक साधे तत्त्व मांडले: घरात सोडलेला दूषित कण कोणाच्या तरी फुप्फुसात पोचण्याची शक्यता बाहेर उंचावर सोडलेल्या कणाच्या सुमारे हजारपट असते. धूर किती झाला एवढेच महत्त्वाचे नाही. तो कोणाच्या नाकाजवळ झाला हेही महत्त्वाचे आहे. हे तत्त्व विज्ञानाचे असले तरी न्यायविचाराला त्याचा मोठा उपयोग आहे. २०१६ साली उत्तर प्रदेशातील बलिया येथून सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने चुलीचा प्रश्न प्रथमच राष्ट्रीय धोरणाच्या मध्यभागी आणला. तोवर तो ‘बायकांचा’ प्रश्न होता, म्हणजे कोणाचाच नव्हता.

घरातील हवा हा सार्वजनिक विषय आहे असे म्हणताच एक जुनी जखम उघडी पडते, आणि ती मराठी माणसाची आहे. १८९६ च्या अखेरीस मुंबईत आणि पुढच्या वर्षी पुण्यात प्लेग आला, तेव्हा सरकार हवेच्या नावाने घरात शिरले. कोंदट घर हेच रोगाचे घर, अशी तेव्हाची धारणा होती. मुंबईत छपरांची कौले काढून उजेड आत घेण्यात आला, भिंतींना चुना फासला गेला, आणि ‘मानवी वस्तीस अयोग्य’ या अर्थाची इंग्रजी आद्याक्षरे घरांवर रंगवली गेली. पुण्यात रँडच्या अधिपत्याखाली सोजिरांनी माजघरापर्यंत मजल मारली. २२ जून १८९७ च्या रात्रीचा गोळीबार हा त्याचाच पडसाद. १८९८ साली मुंबई सुधार न्यास स्थापन झाला, तोही नगराला हवा आणि प्रकाश मिळवून देण्यासाठी. त्याच वर्षी पॉल-लुई सिमाँ यांनी प्लेगचा संसर्ग उंदरांवरील पिसवांमार्फत होतो हे दाखविले. ज्या हवेसाठी घरे उघडी पाडली, ती हवा त्या गुन्ह्यात निर्दोष होती. या प्रसंगातून कोणी असा निष्कर्ष काढील, की घरातल्या हवेशी समाजाचा काहीच संबंध नाही. परंतु त्यातून निघणारा धडा वेगळा आहे. ज्याच्या घराची हवा सुधारायची, त्याची संमती, त्याचे ज्ञान आणि त्याची प्रतिष्ठा यांना वगळून केलेली सुधारणा ही सुधारणा नसते. क्षयरोग मात्र खरोखरच हवेतून पसरत असता शतकभर गरिबांच्या खोल्यांत राहिला, आणि त्याच्यासाठी कोणी कौल हलविले नाही.

विसाव्या शतकाने हवेविषयीचा आणखी एक विश्वास मोडला. २२ एप्रिल १९१५ रोजी ईप्र येथे जर्मन सैन्याने क्लोरिन वायू सोडला. शत्रूच्या शरीरावर नव्हे, तर शत्रू ज्यात जगतो त्या वातावरणावरच हल्ला करण्याची ही रीत म्हणजे त्या शतकाचा खरा प्रारंभ होय, असे पेटर स्लोटरडाइक या जर्मन तत्त्वज्ञाचे प्रतिपादन आहे. आज घरोघरच्या शुद्धीकरण यंत्रात जी दाट घड्यांची गाळणी असते, तिचा उगमही अणुबॉम्बच्या प्रकल्पात किरणोत्सारी कण अडविण्याच्या गरजेतून झाला. युद्धाची वस्तू दिवाणखान्यात येऊन बसली आहे. २००१ साली अमेरिकेत टपालातून अँथ्रॅक्सचे बीजाणू पाठविले गेले, त्यानंतर २००२ मध्ये तेथील व्यावसायिक आरोग्य संस्थेने इमारतींना हवेतील घातपातापासून कसे वाचवावे याची मार्गदर्शिका काढली. हवा आत ओढणारी तोंडे जमिनीपासून उंच न्यावीत, यंत्रघर कुलुपात ठेवावे, गाळणी फटीशिवाय बसवावी, अशा सूचना तीत आहेत. त्याच मार्गदर्शिकेत एक निषेधही आहे: बाहेरची हवा घेणारी तोंडे कायमची बंद करू नयेत. किल्ला बांधण्याची विद्या शिकवणाऱ्या ग्रंथालाही हे मान्य करावे लागले, की पूर्ण बंद केलेले घर राहण्यायोग्य उरत नाही.

त्या अँथ्रॅक्सच्या घटनेत दुसरे एक सत्य दडलेले आहे. सिनेटच्या कार्यालयात पत्र फोडले गेले, तेव्हा तेथील कर्मचाऱ्यांची तातडीने तपासणी झाली, औषधे दिली गेली, इमारत बंद झाली. ज्या ब्रेंटवुड टपाल केंद्रातून ते पत्र पुढे गेले, ते मात्र काही दिवस चालूच राहिले आणि तेथील दोन कामगार मरण पावले. बंद पाकिटातून बीजाणू बाहेर पडणार नाहीत, असा तज्ज्ञांचा समज होता. हा समज दुष्टपणाचा नव्हता. पण धोका कोणाच्या टेबलावर दिसतो आणि कोणाच्या हातातून जाताना दिसत नाही, हे ठरविणारी एक सवय त्या समजामागे होती. संरक्षणाची नीती तपासताना या सवयीकडे पाहावे लागते.

गाझियाबादच्या बहुमजली वसाहतीत ही सवय दररोज पाहता येते. वरच्या मजल्यावर खिडकी बंद असते आणि यंत्राचा हिरवा दिवा लागलेला असतो. खाली फाटकाशी पहारेकरी बसलेला असतो. थंडी वाढली की तो पालापाचोळा आणि लाकडाचे तुकडे पेटवून शेकत बसतो. तो धूर प्रथम त्याच्याच छातीत जातो आणि नंतर इमारतीच्या वर चढतो. राजधानी क्षेत्रासाठी आखलेल्या टप्प्याटप्प्याच्या कृती योजनेत निवासी संघटनांनी पहारेकऱ्यांना विजेचे हीटर पुरवावेत अशी सूचना आहे. प्रशासकीय भाषेत हे एक किरकोळ कलम. तात्त्विक दृष्टीने मात्र ते साऱ्या योजनेतील सर्वांत अर्थगर्भ वाक्य आहे, कारण एका माणसाची ऊब आणि दुसऱ्याचा श्वास हे एकाच हिशेबात मांडावे लागतात, हे त्यात मान्य केलेले आहे. वीज गेल्यावर वरची यंत्रे चालू ठेवणारा डिझेलचा जनित्रसंच आपला धूर कोणाच्या दिशेने सोडतो, हाही त्याच हिशेबाचा भाग.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ अँड्र्यू झाझ यांनी या प्रवृत्तीला ‘उलटे विलगीकरण’ म्हटले आहे. पूर्वी समाज रोग्याला वेगळा करून निरोग्यांना वाचवीत असे; आता सारे जगच रोगी मानून निरोगी माणूस पैसे मोजून स्वतःला वेगळा करून घेतो. त्यांचा आक्षेप असा, की ज्यांच्या आवाजाला वजन असते त्यांचीच बाहेरच्या हवेविषयीची निकड अशा खरेदीने ओसरते. या आक्षेपात तथ्य आहे, परंतु तो जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. दमेकरी मुलाच्या उशाशी यंत्र ठेवणाऱ्या आईला सामाजिक बेजबाबदारीचा दोष देणे क्रूरपणाचे होईल. स्वसंरक्षण हा अपराध नव्हे. आणि कौशांबीच्या रहिवाशांच्या संघटनेने सीमेपलीकडील आनंदविहार बसस्थानकाच्या धुराविरुद्ध न्यायाधिकरणापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत वर्षानुवर्षे दाद मागितली, हे उदाहरण दाखवते की खिडकी लावून घेणारे लोक न्यायालयाचे दारही ठोठावू शकतात. म्हणजे दोष बंद खिडकीत नाही. बंद खिडकीआड बसून बाहेरच्याला विसरण्यात तो आहे.

येथे भारतीय मनाला एक आक्षेप सुचेल. पंचमहाभूतांत पृथ्वी वाटली गेली, पाणी वाटले गेले, अग्नीवरही मालकी आली. वायू मात्र अविभाज्य राहिला, म्हणून तो आपोआप समतेचा पक्ष घेतो. छांदोग्य उपनिषदातील कथेत इंद्रियांचा श्रेष्ठत्वाविषयी वाद होतो आणि प्राण निघू लागताच, उमद्या घोड्याने खुंट्या उपटाव्यात तशी, सारी इंद्रिये उखडू लागतात. प्राणावाचून कोणाचेच चालत नाही, म्हणून प्राणापुढे सारे समान, असा अर्थ त्यातून कोणी काढील. परंतु गरज समान असणे आणि वाटा समान असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना जावे लागले ते तहान सर्वांना सारखी लागत नव्हती म्हणून नव्हे. आणि वाराही आपल्या समाजाने कधी पूर्णपणे सामाईक ठेवला नाही. गावकुसाबाहेरची वस्ती वाऱ्याची दिशा पाहून पूर्वेकडे बसविली जाई, म्हणजे पश्चिमेकडून येणारा वारा गावाला लागून मग तिकडे जाई, उलट नव्हे, असे दलित लेखनातून नोंदले गेले आहे. यंत्राने हवा वाटून घेण्याची कला आपल्याला नवी नाही. तिचे साधन तेवढे नवे आहे.

मग बंद खिडकीची नीती कोणती? तीन कसोट्या सांगता येतील. पहिली अशी, की माझ्या संरक्षणाने दुसऱ्याच्या हवेत भर पडता कामा नये. जनित्राचा धूर या कसोटीवर नापास होतो. दुसरी अशी, की ज्या संरक्षणाचे ज्ञान आणि साधन सर्वांना देता येते, ते राखून ठेवू नये. रिचर्ड कोर्सी आणि जिम रोझेन्थाल यांच्या नावाने ओळखली जाणारी, साधा पंखा आणि चार-पाच गाळण्या चिकटवून केलेली पेटी २०२० पासून जगभर शाळांत वापरली गेली. तिच्यावर कोणाची मालकी नाही. तिसरी कसोटी सर्वांत कठीण. सामाईक पैसा प्रथम सामाईक छताखाली खर्च व्हावा: शाळा, अंगणवाडी, दवाखाना, रात्रनिवारा आणि फाटकाची चौकी.

तिसऱ्या कसोटीचे महत्त्व २०२४ च्या नोव्हेंबरात प्रत्ययास आले. हवा अतिगंभीर झाल्याने राजधानी क्षेत्रातील शाळा बंद झाल्या. बांधकामे थांबली आणि मजुरांची रोजी बुडाली. त्यांना कामगार उपकराच्या निधीतून निर्वाहभत्ता द्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. शाळांच्या बाबतीत त्याच न्यायालयाने २५ नोव्हेंबरला एक मर्मभेदी निरीक्षण नोंदविले. अनेक मुलांच्या घरी शुद्धीकरण यंत्रे नाहीत, तेव्हा घरी बसणे आणि शाळेत बसणे यांत त्यांच्यापुरता फरक नसावा. उलट शाळा बंद झाल्याने त्यांचे मध्यान्ह भोजन गेले. म्हणजे ‘घरी सुरक्षित राहा’ हा उपदेश ज्यांची घरे सुरक्षित आहेत त्यांच्यासाठीच होता. वर्गाची हवा शुद्ध केली असती, तर तीच शाळा त्या मुलांचे आश्रयस्थान ठरली असती. मुंबईत गोवंडीच्या पुनर्वसन वसाहतींचा २०१८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास याच्या दुसऱ्या टोकाचे सत्य सांगतो. झोपडीतून पक्क्या घरात आणलेल्या कुटुंबांच्या इमारती एकमेकींना इतक्या खेटून उभ्या केल्या, की खालच्या मजल्यांवर ऊन आणि वारा पोचेना, आणि त्या अंधाऱ्या घरांत क्षयरोग अधिक आढळला. तेथे खिडकी होती, पण वाऱ्याची वाट नव्हती.

यावर एक रास्त शंका घेता येईल. शाळाशाळांत गाळण्या बसवून आपण बाहेरच्या विषाला कायमची संमती तर देत नाही ना? ही भीती खरी आहे. औषध मिळाले म्हणून रोगाचे कारण शोधणे थांबवावे, असा मोह सत्तेला नेहमी होतो. भारतीय दंडसंहितेच्या २७८ व्या कलमाने वातावरण आरोग्यास अपायकारक करणाऱ्यास पाचशे रुपयांपर्यंत दंड सांगितला होता. २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेने तो हजारावर नेला. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणमुक्त हवेला जगण्याच्या मूलभूत हक्कात स्थान दिले; त्या हक्काची दंडविधानातील किंमत अजून एवढीच आहे. तेव्हा गाळणीने बाहेरच्या हवेची जागा घेऊ नये, ही अट कसोट्यांच्या बरोबरीने धरावी लागेल. परंतु बाहेरची हवा शुद्ध होण्यास जी वर्षे लागतील, त्या वर्षांत जन्मणाऱ्या मुलांना तत्त्वाच्या शुद्धतेसाठी श्वास रोखून धरायला सांगता येत नाही. तहानेल्याला पाणी देणे आणि विहीर खणणे ही कामे एकाच वेळी करावी लागतात, आणि एकाचे निमित्त करून दुसरे टाळणारा दोन्हींशी अप्रामाणिक असतो.

माणूस अन्नाची निवड करू शकतो, पाणी उकळून घेऊ शकतो. श्वास मात्र जेथे असेल तेथलाच घ्यावा लागतो. म्हणून हवेच्या बाबतीत समाजाच्या न्यायाची परीक्षा वरच्या मजल्यावरच्या यंत्राच्या आकड्याने होणार नाही. ती फाटकाच्या चौकीत, चुलीपुढे आणि वर्गाच्या शेवटच्या बाकावर ठेवलेल्या मापकाने होईल. तेथला आकडा उतरेपर्यंत खिडकी लावून घेणे क्षम्य आहे; आपण ती कोणावर लावून घेतली आहे, हे विसरणे क्षम्य नाही.